नागपुरात हॉस्टेलच्या खोलीत राहून पर्यावरणपूरक जगणं जमतं का?

तू लिहिलंस की तू 19 वर्षांचा आहेस, चंद्रपूरहून शिकायला नागपुरात आलास, एका खोलीत तिघं राहता आणि महिन्याचे पैसे मोजकेच असतात. रील्समध्ये दिसणारे बांबूचे ब्रश, महागड्या बाटल्या परवडत नाहीत. मित्र ‘आला पर्यावरणवाला’ म्हणून हसतात. सुरुवात कुठून करू आणि एकट्यानं करून काय होणार, असं विचारतोस. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

काही विकत घेऊ नकोस. आधी एवढंच शोधून काढ की तुझ्या नळाला पाणी येतं कुठून आणि न्हाणीतून जातं कुठे. माझी सुरुवात तिथूनच झाली, तीही मनानं नाही, नाइलाजानं.

2019 मध्ये मी तुझ्याच वयाची होते, उमरेडहून येऊन इथे हॉस्टेलला राहत होते. जुलै लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. तोतलाडोह आटलं आणि शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेही भर पावसाळ्यात. तोवर माझ्या लेखी पाणी म्हणजे गच्चीवरची काळी टाकी. पेंचच्या जंगलात तोतलाडोह नावाचं धरण आहे, तिथलं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं आणि तिथून आपल्या नळांना, हे मला त्या महिन्यात कळलं. खोलीत आम्ही तिघी होतो आणि दोन बादल्या. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी संडासात, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. पाणी रोज यायला लागल्यावर बाकीच्या मुलींनी ते सोडून दिलं. माझ्या हातून मात्र सुटलंच नाही.

आता पाणी जातं कुठे ते. आपल्या नागपूरला जिच्यावरून नाव पडलं ती नाग नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावावरून शहराच्या मधोमध वाहते आणि पुढे कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दच्या धरणात पोचते. मी कितीतरी वर्षं तिला ‘नाला’ म्हणत होते. आजही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक ‘नाल्याजवळ’ असंच सांगतात. आपण अंघोळीला, कपड्यांना जे काही वापरतो त्यातलं बरंच भंडाऱ्याकडच्या माणसांच्या पाण्यात जाऊन पडतं. हे कळल्यावर मला स्वस्त फेसाळ पावडर पुडीभर ओतायची लाज वाटायला लागली. अर्धी पुडी पुरते, कपडे तितकेच निघतात. करून बघ.

मग 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, आणि नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या माणसांच्या खाटांना पाणी लागलं. मी तेव्हा तळमजल्यावर भाड्यानं राहत होते. गुडघाभर पाण्यात पुस्तकं डोक्यावर घेऊन जिन्यावर बसलो. पाणी ओसरल्यावर भिंतींवर काळी रेघ उरली आणि खिडकीच्या गजांना पन्न्या गुंडाळलेल्या, दुधाच्या, कुरकुऱ्यांच्या. पन्न्यांमुळेच पूर आला असं मी म्हणणार नाही. पात्रात झालेली बांधकामं, अडलेले प्रवाह, अशी मोठी कारणं आहेत आणि ती तुझ्या-माझ्या थैलीनं सुटत नाहीत. पण त्या सकाळी गजावरच्या पन्न्या मी हातानं सोडवल्या, आणि तेव्हापासून भाजीला जाताना जुन्या ओढणीची थैली विसरले तर मी परत घरी जाते. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे. तरी बाजारात सांबार (कोथिंबीर) घेतला की मावशी आधी पन्नीच उघडते. ‘राहू द्या मावशी, थैली आहे’ एवढंच म्हणायचं असतं. त्यांचीही एक पन्नी वाचते.

या सगळ्यात एक गोष्ट कळली आणि फार बरं वाटलं. शहराचं सगळंच सांडपाणी नदीत जात नाही. भांडेवाडीला दिवसाला 13 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करायची क्षमता असलेला प्रकल्प आहे आणि ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. म्हणजे आपण अंघोळ केलेलं पाणी फिरून विजेच्या कामी येतं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं. कोराडीची दुसरी बाजूही आहेच. ती वीज कोळशाची. जुलै 2022 मध्ये त्या केंद्राची राख साठवायचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राख मिसळलेलं पाणी आजूबाजूच्या शेतांत शिरलं. म्हणून खोलीत कोणी नसताना पंखा चालू दिसला की मला ती राख आठवते.

उन्हाळ्याचं सांगते, कारण चंद्रपूरचा असल्यानं ऊन तुला नवीन नाही आणि तुमच्या खोलीत एसीची वर्गणी काढायची चर्चा एप्रिलात होणारच. आपल्याकडे मे महिन्याची हवा कोरडी असते, त्या हवेत कूलरसारखं दुसरं काही नाही. एसीच्या मानानं वीज खूपच कमी लागते. फक्त तो खिडकीत लाव आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी ठेव. बंद खोलीत कूलर लावला की दमट होतं आणि लोक म्हणतात कूलर चालत नाही. ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूचे गवती पॅड, दरवर्षी बदल. पाणी तो भरपूर पितो हे खरं, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करताना ते पाणी फेकू नकोस. त्यात क्षार साठलेले असतात, कुंड्यांना घालू नकोस, पण जिना आणि व्हरांडा धुवायला चांगलं. टाकी रिकामी करायची ती डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणूनही, त्यात आळस नको. जूनअखेर दमट झालं की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा साधा पंखा.

कचऱ्याचं म्हणशील तर शहराचा कचराही भांडेवाडीलाच जातो. उन्हाळ्यात तिथल्या ढिगाला आगी लागतात आणि पूर्व नागपुरातल्या लोकांना तो धूर खावा लागतो. तुम्हा तिघांचा ओला कचरा रंगाच्या एका रिकाम्या बादलीत मावतो. बुडाला आणि बाजूला भोकं पाड, खाली वाळका पालापाचोळा, वर कचरा, परत पाला, मधूनमधून आंबट ताकाचा शिपका. पुस्तकात लिहिलेलं वेळापत्रक इथे चालत नाही. मे महिन्यात कचरा कुजत नाही, नुसता वाळतो, त्यामुळे रोज ओंजळभर पाणी शिंपडावं लागतं. जुलैत उलट, पाला दुप्पट घालावा लागतो, नाहीतर वास आणि अळ्या. माझी पहिली बादली अळ्यांमुळे घरमालकीणबाईंनी फेकून दिली होती, त्यांचं चुकलं नव्हतं.

संत्र्याची सालं मात्र वेगळी ठेव. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या डब्यात वर थोडी जागा सोडून तीन महिने. काचेची बरणी नको, वायू धरून ती फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण किंचित सैल करून परत लावायचं. गाळून पाण्यात मिसळलं की फरशी आणि बेसिन छान निघतं. यानं नद्या शुद्ध होतात वगैरे जे फिरतं त्यावर विश्वास ठेवू नकोस. ‘एवढी सालं कायले जमवतं वं?’ असं माझी आई विचारायची, आता उमरेडहून येताना तीच वाळवून आणते.

‘एकट्यानं काय होणार’ याचं उत्तर मला अजनीत मिळालं. 2021 मध्ये रेल्वे वसाहतीतली जुनी झाडं एका मोठ्या स्थानक प्रकल्पासाठी तोडायची ठरलं होतं. तिथे रविवारी जमणाऱ्यांत कॉलेजची मुलंमुली खूप होती. आम्ही घोषणा दिल्या, पण त्याहून जास्त वेळ झाडं मोजण्यात, त्यांची नावं लिहिण्यात आणि हरकतीचे अर्ज भरण्यात गेला. तो प्रकल्प त्या आराखड्याप्रमाणे तिथे उभा राहिला नाही. राज्यात 1975 पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे. झाड तोडायच्या अर्जाची सूचना जाहीर करावी लागते, ती झाडावरही लावतात, आणि सात दिवसांत कोणीही नागरिक लेखी हरकत देऊ शकतो. तुझ्या कॉलेजच्या रस्त्यावरच्या एखाद्या कडुनिंबावर असा कागद दिसला तर फोटो काढ, तारीख बघ, आणि त्याच आठवड्यात महापालिकेच्या उद्यान विभागात हरकत दे. पोच घ्यायला विसरू नकोस. यात एक पैसा लागत नाही.

मित्रांच्या हसण्याचं मी मनावर घेणं सोडलं. त्यांना समजावत बसू नकोस. रविवारी सकाळी अंबाझरीवर पोहे खायला नेशील तेव्हा सांडव्याच्या बाजूला ने आणि नदी तिथून पुढे शहरात कशी शिरते ते दाखव. माझ्या दोन मैत्रिणी तेवढं पाहूनच अजनीला आल्या होत्या.

हरकतीच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. हवा असला तर सांग, पाठवते.