टॉगल स्विच निवडताना आधी डीसी रेटिंग बघ

दांडीपेक्षा आतली स्प्रिंग महत्त्वाची. दांडी मध्यरेषेपलीकडे गेली की स्प्रिंग कॉन्टॅक्टला (आतल्या, एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या धातूच्या टोकाला) स्वतःच झटक्यात पलीकडे ढकलते, मग तुझं बोट कितीही सावकाश चालो. ‘टक्’ आवाज येतो तो त्याचाच. कॉन्टॅक्ट हळू सुटले तर मध्ये ठिणगी रेंगाळते आणि धातू जळत जातो. इंग्लंडमधले अभियंते जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये हाच झटका स्विचमध्ये आणला.

आता रेटिंग, म्हणजे स्विचला किती वीज झेपते त्याचा छापलेला आकडा. २५० व्होल्ट एसी (दिशा बदलत राहणारी वीज) छापलंय म्हणून तोच स्विच तेवढ्याच डीसीवर (एकाच दिशेने वाहणारी वीज) लावू नकोस. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती सोय नाही. डीसीचा आकडा वेगळा दिलेला नसेल तर स्विच सरळ बाजूला ठेव.

मोटरसारख्या लोडला चांदीचे कॉन्टॅक्ट चालतात, अगदी बारीक सिग्नलला मात्र सोन्याचा मुलामा हवा. चांदीवर काळा थर चढतो आणि तेवढ्या कमी व्होल्टेजला तो भेदता येत नाही.

तीन पायांच्या स्विचमध्ये मधला पाय बहुधा कॉमन, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक असतो आणि दांडी वर केली की सहसा खालचा पाय जोडला जातो! मल्टिमीटरने तपासूनच सोल्डर कर. तेही पटकन, नाहीतर प्लॅस्टिक मऊ पडून पाय हलतो.