लायपोसक्शननंतर लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज करायलाच हवा का?

पोटाच्या लायपोसक्शननंतर (चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) सूज उतरायला हा मसाज हवाच का, असं तुम्ही विचारलंय. हवाच असं नाही. सर्जननी हो म्हटलं तर जरूर घ्या. ताठरपणा आणि ठणका कमी वाटतो.

यात चोळणं-रगडणं नसतंच. लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, कातडीच्या लगेच खाली असतात, म्हणून हात इतका हलका की कातडी जराशी ताणायची आणि सोडायची. आधी मान, काख, जांघ इथल्या लसिकेच्या गाठींपाशी हात फिरवायचा, मग पोटाकडे वळायचं. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने १९३०च्या दशकात बसवलेली ही पद्धत. कुणी तेल लावून जोरात दाबायला लागलं तर तिथेच थांबवा. आणि टाक्यांच्या छिद्रांतून पाणी पिळून काढू तर कुणालाही देऊ नका, त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. पाणी साठलंच तर सर्जन सुईने काढतील.

सूज उतरते ती मुख्यतः प्रेशर गारमेंट (शस्त्रक्रियेनंतर घालायचा घट्ट कपडा), रोजचं थोडं थोडं चालणं आणि वेळ यांनीच. एकाच पोटरीत सूज-दुखणं, दम लागणं, ताप, वाढत जाणारी लाली, यातलं काहीही दिसलं तर मसाज बंद करून लगेच हॉस्पिटल गाठा.