सुई-दोरा : तुमचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी भरतकाम शिकायला लागले. पहिल्याच दिवशी शंभर रंगांचा दोऱ्यांचा डबा आणि सुयांची चार पाकिटं घेतली. दोरा संपू नये म्हणून मी तो चांगला लांबलचक ओवते, तरी सारखा पिंजारतो, गाठी पडतात. ताई, माझा हातच या कामाचा नाही का?

हाताला दोष देऊ नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे : ‘लांबलचक ओवते’. दर टाक्याला अख्खा दोरा कापडातून खेचला जातो. दोरा जितका लांब, तितका त्याचा शेवटचा भाग जास्त वेळा घासला जातो, आणि त्याची पाळी येईपर्यंत त्याची चमक गेलेली असते, तंतू उभे राहिलेले असतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर, इतकाच दोरा घ्या. ओवायला पुन्हा पुन्हा उठावं लागेल. लागू द्या.

दुसरं, लडीतला दोरा सहा पदरी असतो. तो सहाच्या सहा पदरांनी वापरायचा नसतो. नाजूक पानाफुलांना दोन, फार तर तीन पदर पुरतात. पण ते एकदम ओढू नका. एका हाताच्या चिमटीत दोरा सैलसर धरा आणि एकच पदर सरळ वर ओढा. बाकीचे पाच खाली चुण्या पडून गोळा होतात, आता सगळं गुंतलं असं वाटतं. पदर पूर्ण निघाला की ते आपोआप सुटतात. असे एकेक काढलेले पदर पुन्हा शेजारी ठेवून ओवा. त्यांचा पीळ सुटलेला असतो, त्यामुळे टाका कापडावर पसरून, भरीव बसतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी टाक्याआधी हे शिकवते.

सुईचा नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होते, हे उलटं गणित लक्षात ठेवा. दोन-तीन पदरांना सात किंवा आठ नंबरची टोकदार भरतकामाची सुई घ्या. दोरा नेढ्यातून न अडकता सरकला पाहिजे. अडकत असेल तर सुई फार बारीक आहे, आणि टाका घातल्यावर कापडाला भोक दिसत असेल तर फार जाड. क्रॉस स्टिचच्या, म्हणजे फुलीच्या टाक्याच्या, जाळीदार कापडाला मात्र बोथट टोकाची सुई हवी. एका इंचात १४ घरं असलेल्या कापडाला २४ नंबरची घ्या.

शंभर रंग बाजूला ठेवून पाच काढा. साधं सुती कापड, मांजरपाट किंवा केंब्रिक, आधी धुऊन घ्या. नाहीतर काम झाल्यावर ते आटतं आणि टाके सुरकुततात. कापड ताणून धरायला पाच-सहा इंची रिंग पुरेल. तिच्या आतल्या कड्यावर सुती पट्टी घट्ट गुंडाळली की कापड घसरत नाही. कापडावर टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा आवाज आला पाहिजे. काम थांबवलं की रिंग काढून ठेवा, वळ पडतात.

फ्रेंच नॉट (सुईला दोरा गुंडाळून घालतात ती छोटी गाठ) घालताना निम्म्या गाठी कापडाच्या मागे निघून जातात. आणि सॅटिन टाक्याच्या (टाक्याला टाका लावून आकार भरतात त्याच्या) कडा करवतीसारख्या दिसतात.

गाठ मागे जाते कारण सुई ज्या भोकातून वर आली त्याच भोकातून तुम्ही ती खाली नेता. मग गाठीला टेकायला काही उरत नाही. एक-दोन तंतू सोडून शेजारी खाली जा. सुईला वेढा दिल्यावर दोरा डाव्या हाताने ताणून धरा, वेढा कापडापर्यंत खाली सरकवा आणि सुई पूर्ण खाली जाईपर्यंत तो ताण सोडू नका. बहुतेक जणी इथेच हात सैल सोडतात. मोठी गाठ हवी तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. तीन-चार वेढ्यांची गाठ कलंडते.

सॅटिनसाठी आधी आकाराच्या रेषेवर बारीक स्प्लिट स्टिच, म्हणजे मागच्या टाक्याचा दोरा सुईने दुभंगत जाणारा टाका, घालून घ्या आणि भरताना सुई त्या रेषेच्या किंचित बाहेर उतरवा. कड आपोआप उचललेली, नेटकी येते. पाकळी टोकाकडून भरू नका. मधोमध एक टाका घाला, त्याच्या आधाराने आधी एक बाजू भरा, मग दुसरी. टाका एक सेंटिमीटरहून लांब जात असेल तर तो लोंबतो, कशातही अडकतो. तिथे लाँग अँड शॉर्ट, म्हणजे एक लांब एक आखूड असे टाके, घाला.

मी डावखुरी आहे. स्टेम स्टिच (देठ-वेलींसाठीचा तिरपा, दोरीसारखा टाका) पुस्तकाप्रमाणे जमतच नाही.

चित्रं उजव्या हातासाठी काढलेली असतात. चित्राचा फोटो काढून मोबाइलमध्ये आरशासारखा उलटवा. उजवा हात डावीकडून उजवीकडे जातो, तुम्ही उजवीकडून डावीकडे जा. दोरा सुईच्या खालच्याच बाजूला ठेवा, पूर्ण रेषेत बाजू बदलू नका. टाक्याचा तिरपेपणा उलटा येईल. तो बरोबरच आहे.

निळ्या, पाण्याने जाणाऱ्या पेनने नक्षी उतरवली आहे. काम पूर्ण झालं. आधी इस्त्री करू की आधी धुऊ?

आधी धुवा. साबण न लावता, गार पाण्यात, निळा रंग पूर्ण जाईपर्यंत. वाळल्यावर पुन्हा दिसला तर पुन्हा बुडवा. मग टॉवेलवर उलट बाजूने ठेवून इस्त्री करा, म्हणजे टाके चेपत नाहीत.

हे मी एका अभ्र्यावर शिकले. तीन आठवड्यांचं काम होतं. धुवायच्या आधी एकदा छान सपाट दिसावं म्हणून इस्त्री फिरवली आणि उष्णतेने शाई पक्की बसली. बाकीची नक्षी टाक्यांखाली झाकलेली होती, उघडी होती ती एकच रेषा, जिच्यावर काही भरायचं नाही असं मी ठरवलं होतं. कितीही भिजवली तरी ती गेली नाही. शेवटी तिच्यावरून हिरव्या दोन पदरांनी स्टेम स्टिच घातला. त्या वेलीला मूळ चित्रात नसलेली एक फांदी आहे.