खोकी बांधण्याआधी

प्रिय मुली,

काल रात्री तू पाठवलेला फोटो पाहिला. कपाटाचं उघडं दार, हँगरवर तसेच लटकलेले, घर सोडून गेलेल्या तुझ्या नवऱ्याचे शर्ट, खाली बुटांची रांग. 'आजच्या आज हे सगळं घराबाहेर काढते,' असं लिहिलं होतंस. नको काढूस. निदान आज तरी नको.

असंच एक कपाट मीही कधीकाळी रिकामं केलं होतं. माझ्या नवऱ्यापासून वेगळं होऊन चार महिने झाले होते, निरोपांना उत्तर येत नव्हतं, आणि एका दुपारी रागाच्या भरात मी त्याच्या कागदांचं खोकं रद्दीत दिलं. वरच्या दोन वह्या हिशेबाच्या होत्या, म्हणून खाली पाहिलंच नाही. तळाशी त्याच्या वडिलांनी त्याला लिहिलेली पत्रं होती. वडील तोवर गेले होते. वर्षभराने त्याने फोन करून तेवढीच मागितली. आवाजही चढवला नाही. आमच्या बहुतेक भांडणांत माझं खरं होतं, असं मला आजही वाटतं. पण त्या खोक्याबाबत मी चुकले, आणि ते भरून देता येण्यासारखं नव्हतं.

वस्तू मागे राहिली म्हणून तिची मालकी आपोआप तुझ्याकडे येत नाही. ताबा तुझा, मालकी त्याची. शिवाय घटस्फोटाचा दावा चालू असताना काही विकलं किंवा टाकलं, तर ते तुझ्याच अंगाशी येऊ शकतं. काही ठिकाणी निकाल लागेपर्यंत मालमत्तेला हात लावायला न्यायालयाची मनाईही असते. नियम देशागणिक वेगळे आहेत. म्हणून आधी वकिलांना विचार: नोटीस कशी द्यायची, किती दिवसांची, आणि तो आलाच नाही तर पुढे काय?

मग एक वही घे आणि खोलीवार यादी कर. 'कपडे, पुस्तकं, इतर' असं मोघम नको. 'काळी बॅग, चेन तुटलेली, आत दोन चार्जर' असं लिही. प्रत्येक वस्तूचा फोटो काढ; आधीपासून असलेला ओरखडा फोटोत दिसू दे. यादीत तीन खुणा ठेव: त्याचं, दोघांचं, नक्की नाही. 'नक्की नाही' या खुणेची तुला लाज वाटेल, कारण या घडीला सगळं स्पष्ट असावं असं वाटतं. पण दोघांच्या पैशांतून घेतलेल्या आणि कुणीतरी दोघांना दिलेल्या वस्तूंचा निकाल तू एकटीने लावायचा नाहीस. त्या वाटणीत येतील.

प्रमाणपत्रं, पासपोर्ट, औषधोपचाराचे कागद आणि दागिने पहिल्याच दिवशी वेगळे काढून पाकिटात बंद कर. त्याचा जुना फोन किंवा लॅपटॉप उघडून पाहायचा मोह होईल. पासवर्ड माहीत असला तरी पाहू नकोस, पुसूनही टाकू नकोस. आत पुरावा आहे असं वाटलं तर वकिलांना सांग. बॅटरी फुगलेली दिसली तर तो फोन चार्जिंगला लावू नकोस, दाबू नकोस. जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेव आणि त्याला तसं कळव.

फोटोंची घाई मुळीच करू नकोस. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर त्यातला गोंद काळाबरोबर फोटो पिवळे करतो, म्हणून सहज निघतील तेवढे काढून कागदी पाकिटांत ठेव. जे दोघांनाही हवेत ते 600 डीपीआयवर (स्कॅनच्या बारकाईचं माप) स्कॅन कर, म्हणजे छोटा फोटोही पुढे मोठा करता येतो. आज फाडावासा वाटणारा एखादा फोटो उद्या तुमच्या मुलीला हवा असेल.

त्याला निरोप लेखी पाठव, आणि कोरडा: 'तुमचं सामान यादीप्रमाणे बांधून ठेवलं आहे. यादी आणि फोटो सोबत आहेत. 30 दिवसांत न्यायला कधी येता ते कळवा.' वकील जास्त मुदत सांगतील तर तीच लिही. लग्नाबद्दल एक अक्षर नको. तू लिहून ठेवलेला तो लांबलचक मजकूर मला पाठव हवं तर, मी वाचेन.

कपडे मात्र तू स्वतः घडी घालू नकोस. कागद चाळायला डोकं लागतं, पण शर्टांना माणसाचा वास असतो. ते काम मैत्रिणीला दे आणि तेवढा वेळ बाहेर जा. बांधलेली खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेव. ओल लागली तर दोष तुझ्याकडे येईल.

सामान न्यायच्या वेळी एकटी राहू नकोस. त्याची भीती वाटत असेल तर भेटूच नकोस. वकिलांमार्फत किंवा दोघांच्या विश्वासातल्या माणसाकडून सामान जाऊ दे. यादीच्या दोन प्रती काढ, दोन्हींवर घेणाऱ्याची सही आणि तारीख घे. सहीशिवाय एक खोकंही उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नकोस.

दिवस ठरला की मला कळव. मी सकाळीच येते. यादी मी वाचेन, तू फक्त खुणा कर.

तुझी,
ताई