घरगुती लाईनवरच्या २ एचपी कडबा कुट्टीची पिन बोर्डातून सारखी निसटते, टेप लावला तरी तेच, काय करावं?

भाऊ, २ एचपीची कुट्टी आहे म्हणता, ती थरथरली की पिन ढिली होणारच. आमच्याकडं परभणीच्या बाजूला शेतातल्या आखाड्या-आखाड्यावर हेच चालू असतं, जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचा धंदा आहे माझा त्यामुळं लई बघितलंय.

आधी मेन पाडा, पिन काढा आन तिचं पितळ बघा. काळं पडलं असेल, भोकाभोवतीचं प्लॅस्टिक फुगलं असेल, जळका वास येत असेल तर बांधाबांधी करू नका, सॉकेटातल्या पत्तीचा ताण गेलाय. सैल पत्ती तापते, तापली की अजून सैल होते. सॉकेट आन टॉप (पिना असलेला प्लग) दोन्ही नवे घ्या, जळकी पिन नव्या सॉकेटची पण वाट लावते. घ्यायचं ते १६ अँपिअरचंच, ६ चं नको, ही मोटार चालतानाच १० अँपिअरच्या आसपास घेते आन सुरू होताना तर त्याच्या कैक पट. काहीजण पेचकस घालून पिनेच्या फटी फाकवतात, दोन दिवस चालतं.

पितळ चकचकीत असेल तर मग वायर ओढली जातीय, म्हशीचा पाय पडतो नाहीतर मशीन सरकतं. बोर्ड वायरीवरचा, एक्स्टेन्शनचा असेल तर टॉप-सॉकेट जोडायच्या आधी मशीनची आन बोर्डाची अशा दोन्ही वायरी वीतभर मागं एकमेकीत अडकवून एक साधी गाठ मारा, करकचून नको, वायर मोडेल. मग किती बी ओढ बसू द्या, ती गाठीवर येते, पिनेपर्यंत पोचतच नाही. टॉप उघडून आतली वायर दाबायची पट्टी पण बघा, तिनं वरचं जाड काळं आवरण धरलं पाहिजे, आतल्या रंगीत तारा नाही. आपल्याकडचे बरेच जण ती पट्टी फेकूनच देतात! अर्थिंगची तार आत जरा लांब ठेवा, म्हणजे वायर उपसली तरी ती शेवटी तुटते.

टेपचं म्हणाल तर मी पण एकदा मे महिन्यात लावला होता. उन्हानं डिंक पातळ झाला, टेपच्या आत पिन अर्धी बाहेर आलेली आन वरून काहीच दिसेना, आत स्पार्किंग चालू. खालचा भुसा धुमसायला लागला तवा कळलं. पोरगं बादली घेऊन पळत आलं, त्याला ओरडून थांबवलं, आधी मेन पाडला मग पाणी.

कुट्टी रोज चालत असेल तर सरळ निळा इंडस्ट्रियल टॉप-सॉकेट बसवा, त्याच्या झाकणाचा खटका टॉपला अडकतो, हलून सुटत नाही. दुकानदारानं लाल दिला तर घेऊ नका, तो ४१५ व्होल्टच्या थ्री फेजचा असतो, तुमची तर घरगुती लाईनवर चालते.