पिशवी गळते म्हणून भजन सोडलेल्या काकू

"भजनाला जाववत नाही हो मला. मांडी घालून बसले की अर्ध्या तासात पिशवी सुटते. मागच्या एकादशीला साडी ओली झाली, तशीच उठून आले. त्यानंतर उंबरा ओलांडला नाही."

साठीच्या काकू आणि सोबत काका व सून. काकूंचं गुदाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. आतला सांधा भरून येईपर्यंत मळ तिकडे जाऊ नये म्हणून सर्जननी लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवला होता. याला इलिऑस्टॉमी म्हणतात. काही महिन्यांनी ती बंद करायची होती. पोटावर उघडणाऱ्या आतड्याच्या त्या टोकाला स्टोमा म्हणतात. त्यातून येणारा मळ पोटावर लावलेल्या पिशवीत जमा होतो, आणि ती पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती म्हणजे प्लेट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

घरचे सगळे एकच सांगत होते: मन घट्ट करा, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात, पिशवीचं काय घेऊन बसलात! माझ्याकडे पाठवलंही होतं ते याचसाठी, की मी त्यांना धीर द्यावा. पण प्लेट गळत असताना दिलेला धीर दुसऱ्या गळतीपर्यंतच टिकतो. काकूंची भीती मनाने रचलेली नव्हती, पिशवी खरंच सुटत होती. म्हणून आधी बोलणं बाजूला ठेवलं आणि आमच्या स्टोमा सिस्टरांना बोलावून घेतलं.

प्लेट काढल्यावर उत्तर समोर आलं. स्टोमाभोवतीची कातडी लालभडक, ओलसर, खालच्या बाजूला सोललेली. प्लेटचं भोक गोल कापलेलं, डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या मापाचं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या 6 ते 8 आठवड्यांत तो आक्रसत जातो. काकूंचा स्टोमा आता बराच लहान झाला होता, शिवाय वेढ्याचा असल्याने लंबगोल होता. घरात मात्र जुन्याच मापाने गोल भोक कापणं चालू होतं. मधल्या उघड्या कातडीवर पातळ मळ साचायचा. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचकरस असतात, ते कातडी जाळतात. जळजळ झाली की काकू खोबरेल तेल लावायच्या, कधी तूप, वर टाल्कम पावडर. तेलावर प्लेट चिकटत नाही, म्हणून ती लवकर सुटायची. सुटायला लागली की काका कडेने चिकटपट्टी मारायचे. पट्टीमुळे गळती बाहेर दिसेना, पण आतल्या आत कातडी आणखी सोलत राहिली. घरातला प्रत्येक जण मायेनेच करत होता, आणि दुखणं वाढत होतं.

सिस्टरांनी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर स्टोमाचा आकार काढून घेतला आणि भोक त्याहून 2 ते 3 मिलिमीटरच मोठं ठेवायला शिकवलं. कातडी फक्त साध्या कोमट पाण्याने धुवायची आणि टिपून पूर्ण कोरडी करायची. तेल, क्रीम, स्पिरिट, जंतुनाशक यातलं काहीही नको. ओलसर भागावर स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची, नाहीतर तिच्यामुळेही प्लेट धरत नाही. प्लेट चिकटवण्याआधी दोन तळव्यांत धरून ऊबदार करायची, लावल्यावर काही मिनिटं हात ठेवून बसायचं. सकाळी चहाच्या आधी बदलली तर बरं, कारण तेव्हा स्टोमा त्यातल्या त्यात शांत असतो. साधारण 3-4 दिवसांनी प्लेट बदलावी. पण खाली खाज किंवा आग झाली तर ती कालच लावलेली असली तरी काढायची. प्लेट महाग असते, वाया घालवायला जीव होत नाही, हे मला कळतं. पण सोललेल्या कातडीवर पुढच्या प्लेटा एक दिवसही टिकत नाहीत, आणि खर्च उलट वाढतो.

आग होते ती कातडीची, स्टोमाची नव्हे. स्टोमाला वेदना कळत नाही. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरायचं कारण नाही. काकू इतके दिवस त्याच्याकडे न बघता तोंड फिरवून बसत होत्या. हे ऐकल्यावर त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतः हात लावला.

तरी मांडीचा प्रश्न उरलाच होता. मी जमिनीवर चटई टाकली आणि म्हटलं, "काकू, भजनाला बसता तशा बसा बरं." झोपलेलं असताना सपाट दिसणारं पोट बसल्यावर बेंबीच्या बाजूला दुमडलं, आणि घडी नेमकी प्लेटच्या कडेखाली आली. तपासणी नेहमी पलंगावर होते, त्यामुळे ही घडी कोणाला दिसलीच नव्हती. सिस्टरांनी तिथे स्टोमा पेस्ट भरून ती जागा समतल केली. दुसरी गोष्ट परकराची. पिशवी लपावी म्हणून काकू नाडी पिशवीच्या मधोमध करकचून बांधत होत्या. त्यामुळे मळ खाली उतरायचाच नाही, वरच प्लेटखाली घुसायचा. नाडी स्टोमाच्या वर नेली, पिशवी परकराच्या आत मोकळी सोडली. वरून नऊवारीसुद्धा नेसता येते आणि काही दिसत नाही.

मग बोलता बोलता सुनेने हळूच सांगितलं, "आई रात्री जेवत नाहीत. पाणीसुद्धा घोटभरच पितात, पिशवी भरू नये म्हणून." मला सगळ्यात काळजी वाटली ती इथे. काकूंच्या पोटऱ्यांत गोळे येत होते, लघवी गडद होत होती. इलिऑस्टॉमी असलेल्या माणसाच्या पोटातून पाण्याबरोबर मीठही निघून जातं. पाणी तोडल्याने पिशवी रिकामी राहत नाही, शरीर मात्र सुकतं. उपाशी राहिल्याने तर गॅस जास्त होतो आणि पिशवी फुगते. त्यांना मीठ घातलेली पेज, मिठाचं ताक, ओआरएस सुरू करायला सांगितलं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. मऊ भात, केळं, साबुदाण्याने मळ जरा घट्ट होतो. रात्रीचं जेवण टाळायचं नाही, लवकर घ्यायचं. मक्याचे दाणे, शेंगदाणे, ओलं खोबरं, सालीसकटची फळं सुरुवातीच्या आठवड्यांत नकोत, ती अडकू शकतात. पुढे थोडी थोडी, अगदी बारीक चावून.

वासाचं विचारताना काकूंचा आवाज खाली गेला. नीट बसलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही. येत असेल तर एकतर प्लेटखाली गळती आहे किंवा रिकामी केल्यावर पिशवीचं खालचं तोंड आतून नीट पुसलेलं नाही. तेव्हा वास आला की लाजून कोपऱ्यात बसायचं नाही, या दोन जागा तपासायच्या. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी. पूर्ण भरू दिली तर वजनानेच ती प्लेट ओढते. भारतीय पद्धतीच्या संडासात आधी तांब्याभर पाणी ओतून घेतलं तर शिंतोडे उडत नाहीत. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आता छोट्या स्टुलावर बसून करतात. गॅसने फुगली तर पिशवीला सुईने भोक पाडायचं नाही. संडासात जाऊन तोंड उघडायचं, हवा सोडायची.

काकूंनी अंथरूण पडवीत हलवलं होतं आणि देवघरात पाऊल टाकणं बंद केलं होतं. "देवाला चालेल का?" हा प्रश्न त्यांनी काका बाहेर गेल्यावर विचारला. मी म्हटलं, "काकू, पोटात सगळ्यांच्याच तेच असतं. तुमची वाट तेवढी पुढे आली. अंघोळ करा, पिशवी रिकामी करा आणि पूजेला बसा." पिशवीसकट अंघोळ करता येते, प्लेट बदलायच्या दिवशी पिशवीशिवायही. स्टोमातून पाणी आत जात नाही. यावर त्या बराच वेळ रडल्या. मन मोकळं होण्याची वेळ तेव्हा आली होती, गळती थांबल्यावर.

माझा आग्रह एवढाच होता की "तात्पुरतीच आहे" म्हणून शिकणं टाळू नये. काही महिने म्हणजे रोजचं जगणं असतं. सून महिनाभर माहेरी गेली तर काय, याचं उत्तर काकूंच्या स्वतःच्या हातात हवं. त्यांची गाठ एका जुन्या स्टोमाधारक बाईंशी घालून दिली. त्या दोघींमध्ये जे बोलणं झालं ते मी कितीही शिकले तरी देऊ शकले नसते. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, तिथेही अशी माणसं भेटतात.

काकू परत भजनाला जाऊ लागल्या, आधी शेवटच्या रांगेत, दाराजवळ. हातातल्या पिशवीत एक आधीच कापून ठेवलेली प्लेट, पुसायला मऊ कापड, एक जादा परकर. एसटीच्या लांबच्या प्रवासाला त्या अजून तयार नाहीत, आणि मी घाईही केलेली नाही. उन्हाळ्यात घामाने प्लेट कमी दिवस टिकते, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर पुन्हा आपलंच काही चुकलं असं वाटेल.

घरच्यांसाठी एक गोष्ट मी वेगळी लिहून दिली. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, रक्त थांबेना, एकदम बाहेर लोंबला, पोटात कळा येऊन उलट्या होत आहेत आणि काही तास पिशवीत काहीच उतरलं नाही, किंवा उलट दिवसाला दीड लिटरच्या वर पाण्यासारखं उतरतंय, तर घरगुती उपाय करायचे नाहीत आणि सकाळ होण्याची वाटही बघायची नाही. सरळ इस्पितळ गाठायचं.