वाचकांचे प्रश्न : जॉन ड्यूई, वर्गात आणि कोर्टात

प्रश्न : आमच्या शाळेत ‘कृतीतून शिक्षण’ म्हणून दर महिन्याला प्रकल्प असतो. मुलं तक्ते आणि थर्माकोलच्या प्रतिकृती आणतात. बीएडला ज्यांच्याबद्दल शिकले, त्या अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंना हेच अपेक्षित होतं का?
– एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : नाही. तयार प्रतिकृतीत मुलाला अडवणारं काहीच नसतं, आणि ड्यूईंच्या मते विचार सुरू होतो तोच अडल्यावर. १९१० मध्ये त्यांनी विचाराचे टप्पे मांडले: काहीतरी अडतं, नेमकं काय अडलं ते उमगतं, उपाय सुचतो, तो बरोबर असेल तर पुढे काय दिसायला हवं याचा अंदाज बांधला जातो आणि शेवटी तो पडताळला जातो. बहुतेक प्रकल्प पहिले दोन टप्पे गाळतात आणि उपायही शिक्षकच सांगतात.

१८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात त्यांनी सुरू केलेल्या शाळेतला एक पाठ तर विदर्भासाठीच असावा असा आहे. मुलांना कच्ची लोकर आणि कच्चा कापूस दिला. एका गटाने अर्धा तास सरकी काढली, तरी रुई एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमसुद्धा भरली नाही. कापसाचा धंदा लोकरीच्या इतका मागून का वाढला, हे मुलांना बोटांनीच कळलं. लोकरीचे तंतू लांब, खरखरीत, एकमेकांना धरणारे. कापसाचे आखूड आणि गुळगुळीत, हेही त्यांनीच हेरलं.

तुम्ही पाच-पाच मुलांच्या गटाला सरकीसकट ५० ग्रॅम कापूस द्या. सोबत काटा आणि घड्याळ. रुई आणि सरकी वेगळी तोलायला सांगा. रुई साधारण एक तृतीयांश, १७ ग्रॅमच्या आसपास निघते. दोन्हींची बेरीज ५० पेक्षा थोडी कमी आली तर कारण मुलांनाच शोधू द्या (पालापाचोळा आणि धूळ झडलेली असते). मग एक सुती सदरा काट्यावर ठेवा: एवढ्या रुईला किती वेळ लागेल? औषधाच्या दुकानातला कापूस मात्र आणू नका. त्यात सरकी नसते, म्हणजे अडचणच नाहीशी होते. ‘म्हणून सरकी काढायचं यंत्र आलं’ हे आधी सांगून टाकलं, तरी पाठ तिथेच संपतो.

रुईच्या वजनावर गुणही देऊ नयेत. १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेत मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी गांधीजींची अपेक्षा होती. ड्यूईंनी शाळेतलं काम कमाईच्या दडपणापासून मुद्दाम दूर ठेवलं.

प्रश्न : ड्यूई खरंच बाबासाहेबांचे शिक्षक होते?
– एक वाचक, इंदोरा

उत्तर : होय, कोलंबिया विद्यापीठात. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ होते. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी ड्यूईंचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हे त्यातलं सूत्र ड्यूईंच्या १९१६ च्या ग्रंथातलं. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ड्यूई त्याआधी चारच दिवस, १ जूनला न्यूयॉर्कमध्ये वारले.

प्रश्न : एलएलबीच्या अभ्यासात ड्यूईंचा काय उपयोग?
– एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : निकालपत्र वाचण्यासाठी फार. नियम, वस्तुस्थिती, निष्कर्ष या क्रमाने वकील विचार करत नाही, असं ड्यूईंनी १९२४ च्या लेखात दाखवलं. तो अशिलाला काय हवं तिथून निघतो, नियम शोधतो, आणि नियम सापडला की वस्तुस्थितीतल्या नजरेआड राहिलेल्या गोष्टी त्याला दिसू लागतात. निकालपत्रातली शिस्तशीर मांडणी नंतरची. ती लागतेच, कारण पुढच्या माणसाला कायद्याचा अंदाज बांधता आला पाहिजे. न्यायाधीशाने मनाला येईल ते करावं, असं ड्यूई कुठेही म्हणत नाहीत. नियम परिणामांवर तपासावेत आणि गरज पडल्यास सुधारावेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून आधी निकालपत्रातली फक्त वस्तुस्थिती वाचा आणि थांबा. दोन्ही बाजूंना सोयीचा एकेक नियम वहीत लिहा. प्रत्येक नियम अशाच इतर खटल्यांना लावला तर कोणाचं काय होईल, ते त्याखाली मांडा. मग पुढचं वाचा आणि न्यायालयाने कोणती वस्तुस्थिती बाजूला ठेवली, त्यावर खूण करा.